वाढीची रेघ

पूर्ण दिवस भरून जन्मलेले बाळ आपल्याकडे साधारण पावणेतीन ते तीन किलोचे असते. लांबी ५० सेंटिमीटरच्या आसपास, डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटर. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर ते ‘कमी वजनाचे बाळ’ ठरते आणि त्याला जास्त जपावे लागते. पहिल्या चार-पाच दिवसांत बाळाचे वजन वाढण्याऐवजी उतरते, कधी कधी जन्मवजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत. अंगातले जास्तीचे पाणी निघून जात असते आणि आईला दूधही अजून पुरते उतरलेले नसते. उतरलेले वजन दहा दिवस ते दोन आठवड्यांत भरून येते. त्यानंतर बाळ खऱ्या अर्थाने बाळसे धरू लागते. रोज २० ते ३० ग्रॅम या वेगाने पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजन दुप्पट होते, वर्षाचे होताना तिप्पट आणि दोन वर्षांचे होताना चौपट.

उंचीचा हिशेब वेगळा आहे. पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्मी, आणि चार वर्षांचे मूल जन्मलांबीच्या दुप्पट, म्हणजे मीटरभर उंच होते. फ्रान्समधल्या काउंट द माँबेयार यांनी १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची जवळजवळ दर सहा महिन्यांनी, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मोजून ठेवली. ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती मोजमापे छापली. एकाच मुलाची जन्मापासून मोठे होईपर्यंतची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. त्या आकड्यांवरून काढलेला आलेख आजही पाठ्यपुस्तकांत असतो. वाढीचा वेग जन्मानंतर सर्वांत जास्त, मग वर्षानुवर्षे मंदावत जाणारा आणि वयात येताना पुन्हा एकदा उसळणारा. मुलाच्या वाढीची पुढची सारी गोष्ट याच आकाराची आहे.

वाढ आणि विकास हे शब्द जोडीने येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. वाढ काट्यावर आणि टेपवर मोजता येते. विकास म्हणजे काल जे जमत नव्हते ते आज जमणे: मान धरणे, हाक ओळखणे, चमचा तोंडाशी नेणे, दुसऱ्याचे मन ओळखणे. दोन्ही एकमेकांत गुंतलेले असले तरी चांगले गुटगुटीत मूल बोलण्यात मागे असू शकते आणि लहानखुरे मूल भारी चलाख असू शकते.

काटासुद्धा सगळे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या जवळ होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. गावांतली ही बाळे वजनाला कमी, दंड आणि पोट यांनी बारीक, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला लुकडे आणि आतून चरबीचे प्रमाण जास्त, अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणून बाळाच्या वाढीची सुरुवात आईच्या ताटापासून, तिच्या रक्तातल्या लोहापासून आणि तिच्यावर पडणाऱ्या कष्टांपासून धरायला हवी.

पहिला महिना सर्वांत नाजूक. बाळाला ऊब, आईचे दूध आणि स्वच्छता या तीन गोष्टी लागतात, आणि यांतल्या एकीतही हयगय चालत नाही. पहिल्या दिवसांतले घट्ट पिवळसर चीकदूध पूर्वी अनेक घरांत पिळून टाकत. वास्तविक रोगांशी लढणारी द्रव्ये त्यातच सर्वांत जास्त असतात. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज काही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. मध, साखरपाणी, घुटी या प्रेमाने दिल्या जाणाऱ्या गोष्टींतून जंतू पोटात जातात. वजनाने कमी असलेल्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून बांधून ठेवणे हा ऊब देण्याचा उत्तम मार्ग आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

अशी काळजी दवाखान्याबाहेरही घेता येते, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळ तपासायला शिकवले: वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरावीक भेटी देतात, ती पद्धत इथूनच उभी राहिली.

जन्मतः मेंदूचे वजन असते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, मोठ्या माणसाच्या मेंदूचा पाव हिस्सा. पाच-सहा वर्षांपर्यंत तो जवळजवळ ९० टक्के आकार गाठतो. डोक्यावरची मऊ, धपापणारी टाळू याच घाईसाठी आहे. कवटीची हाडे एकमेकांना जुळलेली नसतात म्हणून मेंदूला फुगायला जागा मिळते. पुढची टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत भरते. या काळात मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी असंख्य जोड तयार होतात. ज्यांचा वापर होतो ते पक्के होतात, बाकीचे गळतात. बाळाकडे पाहून बोलणे, त्याने ‘अगूं’ केले की आपणही उत्तर देणे, अंगाईच्या सुरावर थोपटणे, यांतूनच ते जोड पक्के होत जातात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात बाळ समोरच्या चेहऱ्याकडे बघून हसते. झोपेतल्या हसण्याहून हे हसू वेगळे असते. ते कुणासाठी तरी असते.

स्नायूंवर ताबा येतो तो डोक्याकडून पायाकडे आणि धडाकडून बोटांकडे. तीन-चार महिन्यांत मान धरते, मग कुशीवर वळते, पालथे पडते, सातव्या-आठव्या महिन्यात आधाराशिवाय बसते, रांगते, धरून उभे राहते आणि वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकते. क्रम बहुतेकांचा सारखा असतो, वेळापत्रक मात्र ज्याचे त्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्ली, अक्रा, मस्कत, ओस्लो आणि अमेरिकेतले डेव्हिस या पाच शहरांतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यांनुसार निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागते ते साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही. शंभरातली चार मुले तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी फरफटत सरकते, कुणी थेट उभे राहते. शेजारच्या घरातले बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या बाळाला पांगुळगाड्यात घालण्यात काही हशील नाही. चाकाच्या गाड्यात बाळ पायांच्या चवड्यांवर ढकलत राहते, तोल सावरायला शिकत नाही, आणि पायरीवरून उलटण्याची भीती वेगळी.

हातांची प्रगती इतकी डोळ्यांत भरत नाही, पण ती पाहण्यासारखी असते. पाच महिन्यांचे बाळ वस्तूवर सबंध पंजा टाकते. सातव्या महिन्यात बोटांनी ओढून तळहातात दाबते. नवव्या-दहाव्या महिन्यात जमिनीवर सांडलेला एकच चुरमुरा ते खाली वाकून न्याहाळते, तर्जनी पुढे करते, अंगठा तिच्याजवळ आणते आणि चिमटीत धरून उचलते. दोन-तीनदा निसटतो, पण ते सोडत नाही. पुढे सुईत दोरा ओवणारी आणि पेन धरणारी पकड ती हीच. उचललेली वस्तू मात्र थेट तोंडात जाते. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, हलवा, बोरे, शेंगदाणे ओततात तेव्हा याची आठवण ठेवायला हवी. शेंगदाणा किंवा बोराची बी श्वासनलिकेत अडकणे हा जिवाशी खेळ आहे. चार वर्षांखालच्या मुलांपुढे चुरमुरे पुरे आहेत, बाकीचे कौतुक मोठ्यांनी वाटून घ्यावे.

काही खुणा मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडू नयेत. तीन महिन्यांनीही चेहऱ्याकडे पाहून न हसणे, पाच महिने उलटले तरी मान न धरणे, दहाव्या महिन्यात न बसणे, दीड वर्षात पाऊल न टाकणे, हाक मारल्यावर वळून न बघणे, आलेले शब्द पुन्हा हरवणे. यांतले काही दिसले की डॉक्टरांना दाखवावे. उशिराचे निदान नुसतेच उशिरा होत नाही, मेंदू सर्वांत जास्त शिकत असतो तेच महिने निघून जातात.

बोलणे तोंडाच्या आधी कानांत सुरू होते. आईचा आवाज बाळ जन्मतःच ओळखते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीभाषक मोठ्या माणसांना यांतला फरक सहसा ऐकू येत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो नेमका कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत त्याच घरांतल्या बाळांची ही क्षमता मावळली, कारण त्यांच्या कानांवर हा भेद कधी पडलाच नव्हता. मराठी घरातल्या बाळाचे कान ‘ताट’ या एका शब्दात दोन्ही ध्वनी रोज ऐकतात, म्हणून ती जाण त्यांच्याकडे टिकते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांशी पहिल्या वर्षापासून मराठीत बोलण्याला याहून चांगले कारण शोधावे लागत नाही. दोन भाषांनी मूल गोंधळते ही समजूत खरी नाही.

वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द, दीड वर्षात पंधरा-वीस, दोन वर्षांत ‘बाबा ये’, ‘दूदू नको’ अशी दोन शब्दांची वाक्ये. ‘काका’चे ‘ताता’ आणि ‘र’चा ‘ल’ होणे या वयाला शोभतेच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक मजेशीर चूक ऐकू येते: ‘मी चित्र करलं’. हा शब्द मुलाने कुणाकडून ऐकलेला नसतो. बसलं, धरलं, भरलं यांवरून त्याने नियम काढलेला असतो आणि तो ‘कर’ला लावलेला असतो. ‘केलं’ हा अपवाद त्याला पुढे समजतो. अशी चूक करणारे मूल व्याकरण शिकत असते, तेव्हा त्याला हसू नये, की दटावू नये. ‘हो, छान केलंस’ एवढे उत्तर पुरते. न बोलणाऱ्या मुलाचा कान मात्र आधी तपासावा. कर्णबधिर बाळही सुरुवातीला हुंकार देते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. जन्मानंतर लगेच होणारी श्रवणचाचणी त्यासाठीच आहे. आणि दोन वर्षांखालच्या बाळापुढे मोबाइल धरून घास भरवू नये. पडदा बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

सहा महिने पूर्ण झाले की नुसते दूध पुरत नाही. उष्टावणाचा आपला संस्कार याच सुमाराला येतो, पण अडचण असते ती दुसऱ्या दिवसापासून. बाळाची भूक मोठी आणि पोट वाटीएवढे. वरणाचे पाणी, भाताची पेज यांनी पोट भरते, अंगाला काही लागत नाही. घट्ट वरण-भात कुस्करून त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, नाचणीचे सत्त्व, अंडे, केळे असे दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत जी उंची राहून जाते ती पुढे पुरती भरून निघत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हे आकडे लाजवणारे आहेत. खुजेपणा दीर्घकाळच्या अपुऱ्या आहाराची आणि वारंवारच्या जुलाबांची खूण असतो. कृशपणा अलीकडच्या उपासमारीची किंवा आजाराची. दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी अंगणवाडीताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, पट्टी तांबडी दिसली, की मूल तीव्र कुपोषित आहे आणि त्याला तातडीने उपचार हवेत.

अंगणवाडीत दरमहा मूल काट्यावर ठेवून आलेखावर एक ठिपका काढतात. एका ठिपक्याचा अर्थ फारसा नसतो. लहानखुऱ्या आईवडिलांचे मूल खालच्या रेघेजवळून जाईल आणि ते निरोगीच असेल. ठिपके जोडून येणारी रेघ कोणीकडे चालली आहे हे पाहायचे असते. ती छापील रेघांना समांतर चढत असेल तर ठीक. आडवी झाली तर मूल वरवर खेळते दिसले तरी काहीतरी बिनसले आहे: दूध कमी पडते आहे, जंत आहेत, खोकला मुरला आहे किंवा घरात नव्या बाळाची चाहूल आहे. रेघ खाली वळेपर्यंत थांबले तर उशीर होतो.

तीन ते सहा हे वय खेळाचे. महाराष्ट्रात या वयाचा विचार तळमळीने केला तो ताराबाई मोडक यांनी. १९४५ मध्ये बोर्डी इथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, ही त्यांची कल्पना. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरत. शंख-शिंपले, पाने, बिया हीच साधने. गोष्ट, गाणे, मातीकाम, पाणी ओतणे यांतून भाषा, मोजणी, तोल आणि धीर या साऱ्यांची तयारी होते, हे त्यांनी दाखवून दिले.

आज अनेक शाळांत तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेतात. शरीरशास्त्र याच्या बाजूने नाही. जन्मतः मनगटातली आठही हाडे कूर्चेची असतात, ती एकेक करून टणक होत जातात आणि हे काम दहा-बारा वर्षांपर्यंत चालते. तीन वर्षांचे मूल गोल काढू शकते, चौकोन चौथ्या-पाचव्या वर्षी आणि त्रिकोण त्यानंतर. तिरकी रेघ जमण्याआधी अक्षरे मागणे म्हणजे मुलाला हरवायलाच बसवणे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा टप्पा सलग पायाभूत मानला आणि पहिलीचे वय सहा ठेवले, ते योग्यच झाले.

याच वयात दुसऱ्याचे मन उमगते. आईने लाडू डब्यात ठेवले, ती बाहेर गेल्यावर ताईने ते फडताळात हलवले, आता आई कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल ‘फडताळात’ म्हणते, कारण त्याला स्वतःला ते माहीत आहे. साडेचार-पाच वर्षांचे ‘डब्यात’ म्हणते. आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, ही जाणीव आली की लपाछपी खरी रंगते, थापही मारता येते, आणि रडणाऱ्या मित्राला काय हवे याचा अंदाजही बांधता येतो.

सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडू लागतात. त्याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधी काही पडलेले नसते, म्हणून अनेक पालक तिला दुधाची समजतात आणि किडू देतात. ती आयुष्यभरासाठी आलेली असते. उंची आता वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर आणि वजन दोन-तीन किलो अशा शांत गतीने वाढते.

विचारात मात्र मोठी उलथापालथ होते. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचा प्रयोग घरी सहज करता येतो. दोन सारख्या वाट्यांत सारखे दूध घ्यावे, मुलाकडून ‘सारखे आहे’ असे वदवून घ्यावे आणि त्याच्यासमोर एका वाटीतले दूध उंच, अरुंद पेल्यात ओतावे. पाच वर्षांचे मूल ठामपणे पेल्याकडे बोट दाखवते: यात जास्त. सात-आठ वर्षांचे म्हणते, तेवढेच आहे, पेला बारीक आहे म्हणून वर आले. बेरीज-वजाबाकी, हातचा, वजन-मापे खरी समजतात ती यानंतर. त्याआधीचे पाढे पाठ होतात, पण कळत नाहीत. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याला फळा दिसतो का, ऐकू येते का, रक्त कमी आहे का हे पाहावे. अक्षरे सतत उलटसुलट होत असतील तर वाचनाची विशेष अडचण असू शकते, आणि ती बुद्धी कमी असल्याची खूण नाही. या वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, कारण वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत सर्वाधिक स्रवते. दिवसाउजेडी मैदानावर खेळणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा दोष कमी होतो, हेही आता नीट सिद्ध झाले आहे.

मुलींच्या वयात येण्याची सुरुवात साधारण दहाव्या वर्षी होते, मुलग्यांची दीड-दोन वर्षे उशिरा. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात. मुलींच्या उंचीची उसळी पाळी येण्याच्या आधीच होऊन जाते आणि पाळी सुरू झाल्यावर सहसा पाच-सात सेंटिमीटरच उंची वाढते. नेमक्या याच वर्षांत लोह, प्रथिने आणि कॅल्शियम यांची गरज मोठी असते, आणि अनेक घरांत मुलीचे ताट याच वर्षांत शेवटी वाढले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. शाळेतली लोहाची आठवड्याची गोळी आणि जंताची गोळी मुलीने खरोखर गिळली का, हे पाहण्याइतके लक्ष घरात असायला हवे. पाळीबद्दल तिला आधी सांगितलेले असावे, आईने, मावशीने किंवा शाळेतल्या बाईंनी. मुलग्यांनाही आवाज फुटणे, मिसरूड येणे, झोपेत वीर्य जाणे या गोष्टी आधी कळल्या तर भीती आणि शरम वाचते.

या वयातला उतावीळपणा हा नुसता स्वभाव नसतो. मेंदूतला भावनांचा आणि बक्षिसाच्या ओढीचा भाग आधी तयार होतो. कपाळामागचा, थांबून विचार करायला लावणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. हाडांचे काम त्याच्या आधी संपते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या चकत्या असतात, उंची तिथे वाढते. मुलींच्या चकत्या पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत बहुधा मिटतात, मुलग्यांच्या सतरा-अठराव्या. उशिरा वयात येणाऱ्या मुलग्यांच्या आणखी थोड्या उशिरा, आणि अशा मुलग्याच्या वडिलांनाही अनेकदा उशिरानेच मिसरूड फुटलेले असते. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत पहिल्या रांगेत बसवलेला मुलगा बारावीच्या फोटोत मागच्या रांगेत उभा दिसतो तो त्यामुळेच.